दुर्बीण बिघडली नाही, जुळायची राहिली!

गवयाचा तंबोरा तुम्ही पाहिला असेल. मैफल सुरू होण्यापूर्वी तो मांडीवर घेऊन गवई किंवा त्याचा शिष्य बराच वेळ खुंट्या पिळत बसतो. तार उतरलेली असली म्हणून "हा तंबोरा खराब झाला, मोडीत काढा" असे कोणी म्हणत नाही. वाद्य उतरणारच आणि ते पुन्हा जुळवावे लागणारच, हे सर्वांनी गृहीत धरलेले असते.

परावर्ती दुर्बिणीचेही नेमके असेच आहे. तिच्यातही खुंट्यांसारखे स्क्रू असतात. ते सैल होतात, सरकतात आणि पुन्हा जुळवावे लागतात. परंतु ही साधी गोष्ट ठाऊक नसली, की चांगल्या दुर्बिणीवर "खराब" असा शिक्का बसतो. असा शिक्का बसताना मी पाहिला आहे, म्हणून त्या प्रसंगापासूनच सुरुवात करतो.

नोव्हेंबर २०२२ मध्ये एका तालुक्याच्या गावातील माध्यमिक शाळेतून विज्ञानाच्या बाईंचा मला फोन आला. शाळेकडे १५० मिलिमीटर व्यासाची परावर्ती दुर्बीण होती. एका माजी विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने आरसा घासून ती तयार केली होती आणि शाळेला भेट दिली होती. पहिली दोन वर्षे तिच्यातून गुरूचे चंद्र, शनीचे कडे, चंद्रावरील विवरे सुरेख दिसत. मग शाळा नव्या इमारतीत गेली. बाकांबरोबर दुर्बीणही टेम्पोतून आली आणि तेव्हापासून सारेच बिनसले. शोधक दुर्बिणीच्या मध्यावर आणलेला शनी नेत्रिकेत सापडेना. शोधून शोधून सापडलाच, तर कड्याऐवजी एका बाजूला ओघळलेला पिवळट डाग दिसे.

"सर, आरसा खराब झालाय असं सगळ्यांचं म्हणणं आहे," बाई म्हणाल्या. "दुर्बीण निर्लेखनाच्या यादीत घातली आहे. सोमवारी समिती बसेल आणि डेड स्टॉक रजिस्टरमधून ती कमी होईल. त्याआधी एकदा येऊन पाहाल का?"

मी एकच प्रश्न विचारला, "आरसा कोणी पुसला तर नाही ना?"

"नाही, पण पुसायचा विचार आहे. धुतलेलं फडकंही काढून ठेवलंय."

"ते फडकं तेवढं कपाटात परत ठेवा. मी शनिवारी येतो."

असे मी का म्हणालो, हे पुढे येईलच. आधी दुर्बिणीच्या पोटात काय असते ते पाहू.

दोन आरसे आणि एक रेषा

न्यूटनने १६६८ मध्ये पहिली परावर्ती दुर्बीण तयार केली. आपली शाळेतील दुर्बीण तिचीच वंशज आहे. नळीच्या तळाशी मुख्य आरसा असतो. तो अंतर्गोल असतो, पण त्याचा पृष्ठभाग गोलाचा तुकडा नसून अन्वस्ताच्या आकाराचा असतो. ताऱ्याकडून येणारे समांतर किरण या आरशावरून परावर्तित होऊन नाभीकडे जाऊ लागतात. नाभी नळीच्या तोंडाशी असल्याने तेथे डोळा लावला, तर आपल्याच डोक्याने प्रकाश अडेल. म्हणून वाटेत ४५ अंशांत एक लहान सपाट आरसा बसवतात. तो किरणांना काटकोनात वळवून नळीच्या बाजूला आणतो. तेथे नेत्रिका असते.

आता महत्त्वाचा मुद्दा. अन्वस्ताकृती आरसा किरणांना अगदी नेमक्या बिंदूत गोळा करतो खरा, पण कोणत्या किरणांना? जे त्याच्या अक्षाला समांतर येतात त्यांनाच. तिरपे किरण आले, की आरशाच्या मध्यभागाने आणि कडांनी बनवलेल्या प्रतिमा एकमेकींवर नीट बसत नाहीत. तारा ठिपक्यासारखा दिसण्याऐवजी एका बाजूला शेपूट फुटल्यासारखा दिसतो. या दोषाला 'कोमा' म्हणतात. कोमा या शब्दाचे मूळ ग्रीक भाषेत 'केस' असे आहे आणि धूमकेतूचे इंग्रजी नावही त्याच मुळापासून आले आहे. एकदा असा तारा पाहिलात, की हे नाव का पडले ते लगेच पटते.

म्हणजे मुख्य आरशाचा अक्ष तिरप्या आरशावर वळून नेत्रिकेच्या बरोबर मध्यातून जायला हवा. अक्ष बाजूला गेला, तर आरसा कितीही उत्तम असला तरी आपण त्याच्या प्रतिमेचा वाईट भाग पाहत बसतो. अक्ष जागेवर आणण्याच्या या क्रियेला इंग्रजीत 'कॉलिमेशन' म्हणतात. आपण तिला 'अक्षजुळणी' म्हणू.

कवडशाचे गणित

लहानपणी तुम्ही हातातल्या आरशाने वर्गाच्या भिंतीवर उन्हाचा कवडसा नाचवला असेल. मनगट जरासे हलले, तरी कवडसा या भिंतीवरून त्या भिंतीवर उडी घेतो. याची कारणे दोन. आरसा १ अंशाने फिरला, तर परावर्तित किरण २ अंशांनी वळतो. शिवाय भिंत जितकी दूर, तितके कवडशाचे सरकणे मोठे.

हेच गणित दुर्बिणीला लावू. मुख्य आरसा ज्या बैठकीवर असतो, तिला मागून तीन स्क्रू असतात. त्यांपैकी एक फिरवला, की उरलेल्या दोघांना जोडणाऱ्या रेषेभोवती आरसा कलतो. त्या रेषेपासून स्क्रूचे अंतर ९० मि.मी. आहे आणि एका पूर्ण फेऱ्यात स्क्रू १ मि.मी. पुढे जातो असे धरू. पाव फेरा दिला, तर स्क्रू ०.२५ मि.मी. सरकेल. आरशाचा कल होईल ०.२५ ÷ ९०, म्हणजे सुमारे ०.००२८ रेडियन. परावर्तित किरण त्याच्या दुप्पट, म्हणजे ०.००५६ रेडियन वळेल. आरशाचे नाभीय अंतर १२०० मि.मी. असेल, तर नाभीच्या ठिकाणी प्रतिमा ०.००५६ × १२००, म्हणजे जवळजवळ ६.७ मि.मी. सरकेल.

१० मि.मी. नाभीय अंतराच्या साध्या नेत्रिकेत दिसणारे क्षेत्र तेथे जेमतेम ८ ते ९ मि.मी. रुंद असते. म्हणजे स्क्रूला पाव फेरा दिला, की मध्यावरचा तारा नेत्रिकेबाहेर! दुर्बीण किती नाजूकपणे जुळवावी लागते, याची कल्पना यावरून येईल.

शाळेत गेल्यावर मला असे आढळले, की टेम्पोच्या धक्क्यांनी एक स्क्रू सुमारे दोन फेरे सैल झाला होता. दोन फेरे म्हणजे २ मि.मी. आरशाचा कल २ ÷ ९०, म्हणजे ०.०२२ रेडियन. त्यामुळे अक्ष नाभीच्या ठिकाणी सुमारे २७ मि.मी. बाजूला गेला होता. एवढ्या अंतरावर या आरशाची कोमाची शेपटी हिशेबाने सुमारे १३ विकला लांब येते. त्या दिवसांत शनीचे बिंबच मुळी १६-१७ विकलांचे होते. मग कडे वेगळे दिसणार कसे? आणि परावर्तित किरण दुप्पट कोनात वळल्यामुळे मुख्य दुर्बीण शोधक दुर्बिणीपेक्षा अडीच अंश भलतीकडे पाहत होती. शनी सापडत नव्हता तो याचमुळे.

आरशाचे नाभीय अंतर भागिले व्यास, या संख्येला नाभीय गुणोत्तर म्हणतात. आपल्या दुर्बिणीचे ते १२०० ÷ १५०, म्हणजे ८ आहे. नाभीच्या प्रतलात कोमा जाणवणार नाही असे वर्तुळ या गुणोत्तराच्या घनाच्या प्रमाणात लहानमोठे होते. गुणोत्तर ८ असता त्याचा व्यास सुमारे ११ मि.मी. येतो, तर गुणोत्तर ५ असता तो ३ मि.मी.हूनही कमी होतो. म्हणून आखूड नळीची दुर्बीण घेणाऱ्याने अक्षजुळणी अधिक काटेकोरपणे करायला हवी.

जुळणी करून पाहू या

यासाठी महागडे उपकरण लागत नाही. नेत्रिकेच्या जागी घट्ट बसेल असे एक टोपण हवे आणि त्याच्या बरोबर मध्यावर १ ते २ मि.मी.चे छिद्र हवे. पूर्वी कॅमेऱ्याच्या फिल्मची प्लॅस्टिकची डबी या कामी येई, कारण ती ३१.७ मि.मी. व्यासाच्या नळीत छान बसते. आता ती सहसा मिळत नाही. जाड पुठ्ठ्याची गुंडाळी करून तिच्या तोंडाला पुठ्ठ्याचीच चकती चिकटवली, तरी काम भागते. या छिद्रामुळे आपला डोळा नळीच्या मध्यरेषेवरच राहतो.

दुसरी गरज म्हणजे मुख्य आरशाच्या मध्यबिंदूवर एक खूण. फाइलीतील कागदांच्या भोकांभोवती चिकटवतात, तशी कागदी कडी उत्तम. आरशाच्या आकाराचा कागद कापून त्याची चार पदरी घडी घातली, की केंद्र मिळते. तेथे छिद्र पाडून कागद हलकेच आरशावर ठेवावा आणि कडी चिकटवावी. यामुळे आरसा खराब होईल अशी भीती नको. आरशाचा मध्य तिरप्या आरशाच्या सावलीतच असतो. तेथून प्रकाश जातच नाही.

आता दुर्बीण आडवी ठेवा. हे फार महत्त्वाचे आहे. नळी उभी असताना हातून स्क्रूड्रायव्हर निसटला, तर तो थेट मुख्य आरशावर पडेल. तोंड उजेडाकडे असू द्या, मात्र सूर्याकडे चुकूनही नको. सूर्याकडे रोखलेल्या दुर्बिणीत डोळा घातला, तर दृष्टी कायमची जाते. या नियमाला अपवाद नाही.

जुळणीच्या पायऱ्या तीन आहेत आणि त्यांचा क्रम बदलायचा नाही.

पहिली पायरी : छिद्रातून पाहा. तिरपा आरसा नेत्रिकेच्या नळीखाली बरोबर मध्यावर आणि गोल दिसतो का? तो प्रत्यक्षात लांबट असतो, पण ४५ अंशांतून पाहताना गोल दिसायला हवा. तो लांबट दिसला, तर आसाभोवती थोडा फिरवा. एका बाजूला दिसला, तर पुढे-मागे सरकवा. समोरच्या भिंतीवर पांढरा कागद लावला, की आरशाची कड स्पष्ट दिसते.

दुसरी पायरी : तिरप्या आरशात मुख्य आरशाचे प्रतिबिंब दिसते. तिरप्या आरशाचे लहान स्क्रू फिरवून ते प्रतिबिंब मध्यावर आणा. मुख्य आरशाला धरून ठेवणाऱ्या तिन्ही चिपा सारख्या दिसल्या पाहिजेत आणि कागदी कडी बरोबर मध्यावर आली पाहिजे.

तिसरी पायरी : आता मुख्य आरशाच्या मागचे स्क्रू. त्या प्रतिबिंबाच्या आत तिरप्या आरशाचे काळसर प्रतिबिंब दिसेल आणि त्याच्या आत टोपणाच्या छिद्राचा लहान ठिपका. हा ठिपका कागदी कडीच्या आत येईपर्यंत स्क्रू फिरवायचे. ठिपका कडीत बसला, की अक्ष जुळला. आखूड नळीच्या दुर्बिणीत तिरप्या आरशाचे प्रतिबिंब किंचित एका बाजूला दिसते. त्यामुळे गोंधळू नका. ठिपका आणि कडी, या दोघांवरच लक्ष ठेवा.

हे काम दोघांनी करावे. एकाने छिद्रातून पाहायचे, दुसऱ्याने मागे बसून स्क्रू फिरवायचे. त्या शाळेत मागे बसली होती नववीतली एक मुलगी. मी छिद्राला डोळा लावून सांगत होतो आणि ती पाव फेरा, अर्धा फेरा देत होती. थोड्या वेळाने ती म्हणाली, "सर, वरचा स्क्रू आवळला की ठिपका कुठं जातो ते आधी सांगा. मग मलाच कळेल कोणता किती फिरवायचा." मी जागा बदलली. तिला पाहायला बसवले आणि स्क्रू मी हाती घेतले. तीन स्क्रूंचा एकेकदा अंदाज घेतल्यावर तिने पाच-सात सूचनांत ठिपका कडीत बसवला. सगळे मिळून अर्धा तास लागला.

शेवटी एक काळजी. आरशाला धरणाऱ्या चिपा घट्ट आवळायच्या नाहीत. चीप आणि आरसा यांत पातळ कागद सरकेल एवढी जागा हवी. आरसा आवळला गेला, तर काच सूक्ष्म प्रमाणात वाकते आणि तारे तीन कोपऱ्यांचे दिसू लागतात.

खरी परीक्षा ताऱ्याची

दिवसा केलेल्या जुळणीची परीक्षा रात्री घ्यायची. त्याआधी दुर्बीण अर्धा-पाऊण तास उघड्यावर ठेवावी. खोलीतून आणलेला आरसा बाहेरच्या हवेपेक्षा गरम असतो. त्याच्यावरची उबदार हवा वर चढत राहते आणि प्रतिमा उकळत्या पाण्यातून पाहावी तशी थरथरते. अशा वेळी जुळणीला दोष देऊ नये.

परीक्षेसाठी ध्रुवतारा सर्वांत सोयीचा, कारण तो जागचा फारसा हलत नाही. आपल्या महाराष्ट्रातून तो उत्तरेला क्षितिजापासून साधारण १६ ते २१ अंश उंचीवर दिसतो. जितके तुमचे अक्षांश, तितकी त्याची उंची. १० मि.मी.ची नेत्रिका लावली, की विशालन १२०० ÷ १०, म्हणजे १२० पट होते. तारा मध्यावर आणा आणि नाभीयन अगदी थोडे बिघडवा. ताऱ्याच्या जागी एकात एक बसलेली प्रकाशाची कडी दिसू लागतील. ही विवर्तनामुळे होणारी कडी होत. ती सर्व समकेंद्री असली, तर जुळणी झाली. ती एका बाजूला दाटलेली दिसली, तर मुख्य आरशाचा एक स्क्रू अगदी किंचित फिरवा, तारा पुन्हा मध्यावर आणा आणि मगच पाहा. सुधारणा झाली, तर त्याच दिशेने पुढे जा. बिघाड वाढला, तर मागे या. दर वेळी तारा मध्यावर आणायला विसरू नका, कारण कडेच्या ताऱ्यात कोमा असणारच.

फडके कपाटात का ठेवायला सांगितले?

आता त्या फडक्याकडे वळू. घरातला आरसा आपण बेलाशक पुसतो. मग दुर्बिणीचा का नको?

एक छोटा प्रयोग करा. घरच्या आरशाला पेन्सिलीचे टोक टेकवा. टोक आणि त्याचे प्रतिबिंब यांच्यात फट दिसेल. याचे कारण परावर्तन करणारा लेप काचेच्या मागच्या बाजूला असतो. पुढची काच त्याचे रक्षण करते. दुर्बिणीच्या आरशाला लेप पुढच्या बाजूला असतो. तो मागे असता, तर प्रकाशाला काचेतून दोनदा जावे लागले असते आणि काचेच्या पुढच्या पृष्ठावरूनही दुसरी फिकट प्रतिमा उमटली असती. (हा प्रयोग दुर्बिणीच्या आरशावर मात्र करू नका!)

हा लेप ॲल्युमिनियमचा असतो. त्याची जाडी सुमारे ०.१ मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या काहीशेव्या हिश्शाएवढी. वर सिलिकॉनच्या ऑक्साइडचा तितकाच पातळ संरक्षक थर असतो. हवेतील धुळीत वाळूचे कण असतात. वाळू ॲल्युमिनियमपेक्षा कितीतरी कठीण. आरशावर धूळ असताना फडके फिरवणे म्हणजे त्या लेपावर बारीक पॉलिश पेपर फिरवणे होय.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. कॉलेजात असताना मी एका मित्राचा आरसा माझ्या स्वच्छ, धुतलेल्या रुमालाने पुसला होता. मित्राने तो आरसा कित्येक महिने रोज संध्याकाळी घासून बनवला होता. मला वाटले, आपण त्याला मदत करत आहोत. आरसा दिव्याखाली धरला, तेव्हा त्यावर रुमालाच्या प्रत्येक फेऱ्याची रेघ उमटलेली दिसली. मित्र काही बोलला नाही. लेप काढून नवा चढवावा लागला आणि तोवर दुर्बीण बंद राहिली. तेव्हापासून कोणाचाही आरसा पाहायला गेलो, की माझा पहिला प्रश्न तोच असतो.

बरे, थोड्या धुळीने खरोखर किती बिघडते? हिशेब करू. १५० मि.मी. व्यासाच्या आरशाचे क्षेत्रफळ सुमारे १७,७०० चौरस मि.मी. त्यावर ०.३ मि.मी. व्यासाचे ५०० कण पडले आहेत असे समजा. प्रत्येकाचे क्षेत्रफळ ०.०७ चौरस मि.मी., सर्वांचे मिळून ३५ चौरस मि.मी. म्हणजे अडलेला प्रकाश फक्त ०.२ टक्के! याउलट ३५ मि.मी. रुंदीचा तिरपा आरसा ३५ च्या वर्गाला १५० च्या वर्गाने भागले असता येतो तितका, म्हणजे सुमारे ५.४ टक्के प्रकाश नेहमीच अडवतो आणि त्याची आपण तक्रारही करत नाही. तेव्हा धूळ दिसली की हात शिवशिवले, तरी आवरावेत. आरशाची उत्तम निगा म्हणजे त्याला कमीत कमी हात लावणे.

धुवायची वेळ आलीच तर

बोटांचे ठसे उमटले, दव वाळून डाग पडले किंवा धुळीचा जाड थर बसला, तर मात्र आरसा धुवावा. आरसा बैठकीतून काढण्यापूर्वी दोघांच्या कडेवर एकमेकांसमोर पेन्सिलीने खूण करा, म्हणजे तो परत तसाच बसेल. हातातील अंगठी आणि घड्याळ काढून ठेवा. भांड्याच्या तळाशी जाड टॉवेल अंथरा.

प्रथम रबरी फुग्याच्या पंपाने सुटी धूळ उडवा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे तुषार उडतात. मग आरशावर नळाचे पाणी हलक्या धारेने काही मिनिटे वाहू द्या. बरीचशी धूळ त्यातच जाते. नंतर कोमट पाण्यात सौम्य द्रवरूप साबणाचे दोन-चार थेंब टाकून आरसा त्यात बुडवून ठेवा. पाण्याखालीच औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या कापसाचा ओला बोळा आरशावरून एकदा, एकाच दिशेने ओढा. दाब द्यायचा नाही, बोळ्याचे स्वतःचे वजन पुरे. एका ओढीनंतर तो बोळा टाकून द्यायचा आणि नवा घ्यायचा. काटकसर करायची जागा ही नव्हे. शेवटी ऊर्ध्वपातित पाण्याने आरसा खळखळून धुवा. नळाच्या पाण्यातील क्षार वाळून डाग पडतात, ते याने टळतात. मग आरसा तिरपा उभा करून आपोआप वाळू द्या. कपडे धुण्याची पावडर आणि खिडक्यांच्या काचा पुसण्याचा अमोनियायुक्त द्रव, या दोन गोष्टी आरशाच्या आसपासही येऊ देऊ नका.

आपल्याकडे धुळीपेक्षा मोठा शत्रू म्हणजे पावसाळा. दमट हवेत लेप खराब होतो आणि नेत्रिकेच्या भिंगांवर बुरशी धरते. कोकणात तर खाऱ्या हवेची भर. म्हणून जूनपूर्वी नळीच्या दोन्ही तोंडांना झाकणे लावून दुर्बीण कोरड्या कपाटात ठेवा आणि आत सिलिका जेलच्या पुड्या टाका. निरीक्षणानंतर आरशावर दव असेल, तर आधी ते वाळू द्या, मगच झाकण लावा. नाही तर दमटपणा आतच कोंडतो.

इतकी काळजी घेऊनही लेप काही वर्षांनी जुना होतो. पण त्यामुळे आरसा वाया जात नाही. न्यूटनच्या काळी आरसे तांबे आणि कथिल यांच्या मिश्रधातूचे असत. ते काळवंडले, की पुन्हा घासावे लागत आणि घासताना त्यांचा नेमका आकार बिघडण्याचा धोका असे. आज आकार काचेत असतो आणि चकाकी लेपात. जुना लेप रसायनाने काढून निर्वातात नवा चढवता येतो. तमिळनाडूतील कवलूरच्या वेणू बाप्पू वेधशाळेत २.३४ मीटर व्यासाच्या आरशासाठी अशी लेपनाची सोय जागेवरच केलेली आहे.

आकार चुकला की जुळणी?

दुर्बिणीचा दोष शोधताना एक फरक ध्यानात ठेवा. एक दोष आरशाच्या आकाराचा असतो, दुसरा जुळणीचा. १९९० मध्ये अवकाशात गेलेल्या हबल दुर्बिणीचा मुख्य आरसा कडेला सुमारे २.२ मायक्रॉन जास्त सपाट घासला गेला होता. हा आकाराचा दोष. तो स्क्रू फिरवून जाणारा नव्हता. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी तेथे जाऊन जणू चष्माच बसवला, तेव्हा प्रतिमा स्वच्छ झाली.

जेम्स वेब दुर्बिणीची गोष्ट दुसरी. तिचा ६.५ मीटरचा आरसा १८ षट्कोनी तुकड्यांचा आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिने सप्तर्षी तारकासमूहातील एका ताऱ्याचे पहिले चित्र पाठवले, तेव्हा त्यात एकाच ताऱ्याचे १८ विखुरलेले ठिपके होते. कोणी घाबरले नाही. तुकडे उत्तम होते, फक्त जुळायचे राहिले होते. पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरच्या त्या तुकड्यांना बारीक मोटरींनी हलवत, दर वेळी ताऱ्याकडे पाहत, एप्रिलअखेर जुळणी पूर्ण झाली. शाळेतल्या त्या मुलीने जे केले, तेच हे. स्क्रू फिरवा, पाहा, पुन्हा फिरवा.

त्या शनिवारी संध्याकाळी शाळेच्या गच्चीवर आम्ही आधी शनी पाहिला. त्याचे कडे बिंबापासून स्वच्छ सुटे दिसत होते. नंतर ध्रुवताऱ्यावर दुर्बीण लावली. कडी समकेंद्री होती. नाभीयन नीट केल्यावर ती मुलगी बराच वेळ नेत्रिकेपाशी वाकून राहिली आणि म्हणाली, "सर, ध्रुवाच्या शेजारी आणखी एक बारीक तारा आहे. तो आहे की मला भास होतोय?"

तो भास नव्हता. ध्रुवताऱ्यापासून सुमारे १८ विकलांवर नवव्या प्रतीचा एक सोबती तारा आहे. विल्यम हर्शेलने १७७९ मध्ये आपल्या परावर्ती दुर्बिणीतून तो शोधला. नुसत्या डोळ्यांना तो कधीच दिसत नाही आणि न जुळलेल्या दुर्बिणीत तर ध्रुवाच्या शेपटीत बुडून जातो.

सोमवारी समिती बसली. निर्लेखनाच्या यादीतून एक ओळ खोडली गेली. तुमच्या शाळेच्या कपाटात अशी एखादी दुर्बीण धूळ खात असेल, तर तिला "खराब" म्हणण्यापूर्वी पुठ्ठ्याचे एक टोपण करा, त्याला छिद्र पाडा आणि आत डोकावून पाहा. आणि हो, फडके कपाटातच राहू द्या.